फोरमचं सॉफ्टवेअर निवडताय? आधी ‘घर’ शोधून बघा

डिस्कोर्स की पीएचपीबीबी (दोन्ही फोरम चालवायची सॉफ्टवेअरं), हे जरा बाजूला ठेवा. आधी सांगा, रात्री साइट पडली तर उठणार कोण? स्वस्तातलं शेअर्ड होस्टिंग (एकच सर्व्हर अनेक साइट्सनी वाटून घेतलेला) घेऊन बसला असाल तर डिस्कोर्सचा विषय तिथेच मिटला. त्याला डॉकर (सॉफ्टवेअर वेगळ्या डब्यात बंद करून चालवणारं साधन) लागतं, निदान १ जीबी रॅम लागते, आणि ईमेल नीट जात नसतील तर नवीन सभासदांची नोंदणीच अडते. पीएचपीबीबी २००० सालचं, दिसायला जुनाट, पण सर्व्हरवर पीएचपी ही भाषा आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस असला की निमूट चालतं. मायबोली, मिसळपाव ही मराठी संकेतस्थळं ड्रुपलवर (साइट बांधायचं सॉफ्टवेअर) चालवली गेली, पण तो खटाटोप नवख्याने करू नये असं माझं मत.

मराठीत खरी गोम शोधात असते. मायएसक्यूएलचं इनोडीबी (डेटा साठवणारं इंजिन) मूळ सेटिंगमध्ये तीनपेक्षा कमी अक्षरांचे शब्द फुलटेक्स्ट शोधासाठी, म्हणजे मजकुरातले शब्द शोधण्यासाठी, नोंदवतच नाही. म्हणजे ‘घर’ गायब! म्हणून चाचणीसाठी दहा-बारा मराठी धागे टाका आणि ‘घर’, ‘पाऊस’, ‘ज्ञानेश्वरी’ शोधून बघा. डेटाबेस यूटीएफ८एमबी४ वर (अक्षरं साठवायची पद्धत) ठेवा. जुन्या यूटीएफ८ मध्ये देवनागरी बसते, पण इमोजी बसत नाहीत. मी हे विसरलो होतो, आणि कुणीतरी वाढदिवसाचा केक टाकला की पोस्ट तिथेच तुटायची. (आमच्याकडे वाढदिवस फार.)

थीम, रंग, बॅजेस नंतर बघू. बॅकअप मात्र पहिल्याच आठवड्यात काढा, आणि तो दुसऱ्या मशीनवर चढवूनही बघा.