पोटाच्या कॅन्सरची सर्जरी शिकायला निघालेल्या ज्युनिअरला

एम.एस. झालं, आता सर्जिकल ऑन्कॉलॉजीचं एम.सीएच. करायचं म्हणतोस, छान. पहिल्या वर्षी किती केसेस हाताला मिळतात याच्या मागे लागू नकोस, त्या मिळतील. त्यापेक्षा काढलेला नमुना घेऊन स्वतः पॅथॉलॉजीत जात जा. रेक्टमच्या (गुदाशयाच्या) नमुन्यावर मेसोरेक्टमचं, म्हणजे त्याच्या भोवतीच्या चरबीचं, चकचकीत आवरण अखंड आहे की कुठे फाटलंय, ते फॉर्मलिनमध्ये जाण्याआधी डोळ्यांनी बघ. ब्रिटिश सर्जन बिल हील्ड यांनी 1982 पासून हे आवरण न फाडता काढण्याचाच आग्रह धरला, आणि त्याच जागी आजार उलटण्याचं प्रमाण खाली आलं. कोलनच्या (मोठ्या आतड्याच्या) रिपोर्टमध्ये 12 पेक्षा कमी लिम्फ नोड (लसिकाग्रंथी) दिसले तर पॅथॉलॉजीला फोन लाव आणि आणखी सापडतात का ते विचार.

रिसर्चचं म्हणशील तर जठराच्या कॅन्सरची डच ट्रायल नीट वाच. डी2 गटात, म्हणजे जठरापासून लांबचेही लिम्फ नोड काढलेल्यांत, ऑपरेशननंतरचे मृत्यू 10 टक्के, डी1 मध्ये, म्हणजे फक्त जवळचे काढलेल्यांत, 4. पाच वर्षांनी जगण्यात फरक नाही. बहुतेकांनी तिथेच विषय संपवला असता. त्यांनी 15 वर्षं पेशंट सोडले नाहीत, आणि जठराच्या कॅन्सरने झालेले मृत्यू डी2 मध्ये 37 टक्के, डी1 मध्ये 48 निघाले.

म्हणून फॉलोअपवर जीव लाव. आपल्याकडे पेशंट गावी जातो, नंबर बदलतो. डिस्चार्ज देताना मुलाचा, शेजाऱ्याचा, जमेल त्याचा नंबर लिहून घे. एक्सेल शीट त्याच दिवशी भर, आतड्याचा लीक झालेला सांधाही त्यात लिही. थीसिसचा विषय गाइडकडे मागायला जाशील तेव्हा ही शीट सोबत ने.