लोकशहा का नाही?

प्रश्न असा आलाय : 'मुलीच्या इतिहासाच्या वहीत "आर्थिक मंदीमुळे जर्मनीत हुकूमशाही आली" असं वाक्य होतं. तिने विचारलं, लोकशाही आणि हुकूमशाही दोन्हींत शाही आहे, मग हुकूमशहा असतो तसा लोकशहा का नसतो? मला उत्तर सुचलं नाही. शिवाय डिक्टेटरला हुकूमशहा हा शब्द नेमका आहे का? आणि हुकूम की हुकुम?'

पोरीने बरोबर जागी बोट ठेवलंय.

फारसी शाह म्हणजे राजा. मराठीत त्याचा शहा झाला, पण मागे ई लागली की 'शा'मधला आ परत येतो : बादशहा, बादशाही. निजामशहाची निजामशाही, आदिलशहाची आदिलशाही, म्हणजे आधी माणूस आणि मग त्याचं राज्य. पुढे मराठीने हा तुकडा सुटा करून टाकला. शिंदेशाही पगडी घ्या. शिंद्यांत कोणी शहा नव्हता, तरी पगडी शिंदेशाही. शाहीत उरलं ते एवढंच : अमक्याचा अंमल, अमक्याची रीत. मग लोकशाही, नोकरशाही, झुंडशाही, घराणेशाही हे सगळे शब्द बिनबोभाट तयार झाले.

गंमत पुढेच आहे. काही शाह्यांतून मराठीने उलट शहा काढून दाखवले : भांडवलशहा, नोकरशहा. हुकूमशहा मला त्याच पंगतीतला वाटतो, हुकूम नावाचं काही राजघराणं नव्हतं. पण असा शहा काढायचा तर ज्यांच्यावर अंमल चालतो त्यांच्यापेक्षा वेगळा कोणीतरी दाखवता यायला हवा. भांडवलशहा कामगारापेक्षा वेगळा, नोकरशहा खिडकीबाहेर अर्ज घेऊन उभ्या असलेल्या माणसापेक्षा वेगळा. लोकशाहीत तसं दाखवणार कोणाला? झुंडशाहीतूनही झुंडशहा निघत नाही, तोही याच कारणाने. (लोकशाहीर आहे, पण त्याचं कूळ अरबी शाइरचं. शाहीशी त्याचं नातं नुसतं उच्चारापुरतं.)

आता डिक्टेटर. इथे हुकूमशहा हा शब्द थोडा फसवतो, कारण त्यात राजा बसलाय आणि मूळ शब्दात तो नाही. रोमन प्रजासत्ताकात डिक्टेटर हे रीतसर पद होतं. संकट दारात आलं की सिनेटच्या सल्ल्याने कॉन्सल (वर्षभरासाठी निवडलेला सर्वोच्च अधिकारी) एकाला नेमायचा, तेही जास्तीत जास्त 6 महिन्यांसाठी. सिन्सिनाटसची कथा प्रसिद्ध आहे : इ.स.पू. 458 मध्ये शेतावरून बोलावणं, लढाई जिंकणं आणि सोळाव्या दिवशी पद सोडून परत घरी. सीझरने इ.स.पू. 44 मध्ये हेच पद तहहयात घेतलं. त्याचा खून झाला आणि पाठोपाठ पदही रद्द झालं. तेव्हा सिन्सिनाटसला हुकूमशहा म्हणणं मला पटत नाही, तिथे सर्वाधिकारी म्हणावं. हा शब्द मी आज पाडलेला नाही. 1939 मध्ये हैदराबादेत निजामाविरुद्ध आर्य समाजाने केलेल्या सत्याग्रहात एक सर्वाधिकारी तुरुंगात गेला की दुसरा सूत्रं घेई. 1930 च्या कायदेभंगातही काँग्रेसच्या समित्यांवर बंदी आल्यावर एकेका 'डिक्टेटर'कडे कारभार सोपवला जात असे. शिवी म्हणून नव्हे, मानाने. अमेरिकेत तर स्टुडबेकर कंपनी 1927 पासून 1937 पर्यंत डिक्टेटर नावाची मोटार विकत होती.

हिटलरला मात्र हुकूमशहाच म्हणा. तो स्वतः तसं म्हणत नव्हता. त्याची पदवी फ्यूरर, मुसोलिनीची दूचे. दोन्हींचा सरळ अर्थ नेता, पुढारी. आपल्याकडेही 'हुकूमशहा पाहिजे' असं फार जण म्हणत नाहीत. महागाईवर बोलणं सुरू झालं की ऐकू येतं ते 'कोणीतरी खमक्या पाहिजे', 'सगळ्यांना सुतासारखं सरळ करणारा पाहिजे'. शब्दकोशात खमक्या आणि हुकूमशहा शेजारी नसतात. चहाच्या टपरीवर असतात.

राहिलं वहीतलं वाक्य. मंदी आणि हुकूमशाही यांच्यामध्ये त्यात बरंच काही गाळलंय. पावासाठी टोपलीभर नोटा न्यायच्या, ते वर्ष 1923. तेव्हा एका डॉलरला 4.2 लाख कोटी मार्क मोजावे लागले, पण त्याच नोव्हेंबरात हिटलरचा म्युनिकमधला उठाव फसला आणि 1928 मध्ये त्याच्या पक्षाला जेमतेम 2.6 टक्के मतं होती. लाट आली ती पुढच्या मंदीत. पगार आणि बेकारभत्ते कापणारे आदेश संसदेला बाजूला ठेवून राष्ट्राध्यक्षांच्या सहीने निघत होते, बेकार 60 लाखांच्या घरात गेले होते. हिटलरच्या पक्षाची मतं 1930 मध्ये 18.3 टक्के, जुलै 1932 मध्ये 37 टक्क्यांवर. नोव्हेंबरात उतरून 33. म्हणजे खुल्या निवडणुकीत बहुमत कधीच नाही. तरी 30 जानेवारी 1933 ला राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांनी त्याला चॅन्सेलर नेमलं. 23 मार्चला संसदेशिवाय कायदे करण्याची मुभा सरकारला देणारा जो कायदा झाला त्याच्या नावात सत्तेचा उल्लेखही नाही : 'जनता आणि राष्ट्र यांवरील संकट निवारण्याचा कायदा'. मुदत 4 वर्षं, नंतर वाढवत नेलेली. कम्युनिस्ट सदस्यांना सभागृहात येऊच दिलं नव्हतं. विरोधात मतं पडली ती एकट्या सोशल डेमोक्रॅट पक्षाची, 94.

तेव्हा 'आली' हे क्रियापद पाहुण्याला शोभतं, इथे नाही. 'लादली' लिहिलं तर ती सगळी मतं पुसली जातात, 'निवडून दिली' लिहिलं तर हिंडेनबुर्ग सुटतो. मी असं लिहिलं असतं : मंदीत वैतागलेल्या मतदारांनी हिटलरला सत्तेच्या दारापर्यंत आणलं, आणि दार आतून उघडलं गेलं. लांब आहे, पण मुलीला पाठ होईल.

आणि हो, हुकूम, दीर्घ कू. हुकूमशाहीतही दीर्घच. विभक्ती लागली की तो ऊ जातो, लाकूड–लाकडाने तसं हुकूम–हुकमाने. म्हणून पत्त्यांत हुकमाचा एक्का.