स्पॅगेटी घालतात की खातात?

प्रश्न असा आहे : ‘तिने स्पॅगेटी घातली होती’ हे वाक्य मराठीत चालेल का, आणि त्या कपड्याला, म्हणजे खांद्यावर बारीक पट्टे असलेल्या टॉपला, मराठी शब्द कोणता?

चालेल कसलं, सर्रास चालतंय! दर वेळी ऐकलं की माझ्या डोळ्यांपुढे शेवयांसारखा तो इटालियन पास्ता आणि कुणाच्या तरी खांद्यावरून ओघळणारा सॉस येतो. मूळ इंग्रजी प्रयोग ‘स्पॅगेटी स्ट्रॅप’. स्पॅगेटी म्हणजे तो टॉप नव्हे, त्याच्या खांद्यावरचा दोरीएवढा बारीक पट्टा. आपण आधी टॉप गाळला, मग पट्टाही गाळला आणि उरलेलं विशेषण अंगात घातलं. ‘मोबाइल फोन’मधला फोन नाही का गळला, असं कुणीतरी म्हणणारच. गळला, पण मोबाइल निदान ताटात वाढत नाहीत.

कपड्यांना खाण्यावरून नावं पडतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. खांद्याशी फुगलेली आणि मनगटाशी आवळलेली बाही इंग्रजीत ‘लेग ऑफ मटन’ झाली, फ्रेंचमध्ये ‘जिगो’. अर्थ एकच, तंगडी. 1830च्या आसपास तिची चलती होती, 1890च्या दशकात ती पुन्हा आली. ते सोडा.

खरी मौज उलट्या प्रवासात आहे. इटालियनमध्ये ‘स्पागो’ म्हणजे सुतळी. तिचं लाडकं छोटं रूप ‘स्पागेत्तो’ आणि त्याचं अनेकवचन ‘स्पागेत्ती’, म्हणजे बारीक बारीक सुतळ्या. दोरीचं नाव खाण्याला गेलं आणि खाण्याचं नाव परत दोरीला आलं! म्हणून माझं जुनंच म्हणणं आहे की स्वयंपाकघराने शिंप्याकडून जितकं उसनं घेतलं, तितकं शिंप्याने स्वयंपाकघराकडून घेतलेलं नाही. ‘मेझ्झे मानिके’ नावाचा आखूड नळीचा पास्ता आहे. शब्दशः अर्थ ‘अर्ध्या बाह्या’. ‘मानिकोत्ती’ही त्याच घरातला. इथे काही कोशकार पुढे सरसावतात : ‘मानिकोत्तो म्हणजे बाही नव्हे, हात गरम ठेवायचा मफ.’ बरं, मफ. पण तो शब्द ‘मानिका’वरूनच आला ना? आणि मानिका म्हणजे बाही, लॅटिन ‘मानुस’ म्हणजे हात यावरून. आपण ‘बाहू’वरून ‘बाही’ केली, अगदी तसंच. घर सापडल्यावर खोली कोणती यावर भांडणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. (घालतो, पण इथे नको.)

‘स्पॅगेटी’ऐवजी ‘नाडीटॉप’ म्हणा, असाही सल्ला मी ऐकलाय. तो देणाऱ्याने नाडी कधी ओवलेली दिसत नाही. नाडी नेफ्यात असते आणि आवळायची असते. हा पट्टा खांद्यावर उघडा असतो आणि नुसतं पेलायचं काम करतो. शिवाय संस्कृतात ‘नाडी’ म्हणजे पोकळ नळी. त्या हिशेबाने हा ‘मॅकरोनी टॉप’ व्हायचा! तसा ‘मॅकरोनी’ शब्दही फॅशनमध्ये मिरवून आलाय. अठराव्या शतकात युरोपची सफर करून परतलेल्या, केसांचे भलेमोठे टोप आणि घट्ट कपडे घालणाऱ्या इंग्रज छानछोक्यांना हेच नाव होतं. 1764 सालच्या एका पत्रात इंग्रज लेखक होरेस वॉलपोलने ‘मॅकरोनी क्लब’चा उल्लेख केला आहे. तिथे तर माणूसच मॅकरोनी झाला, पट्ट्याचं काय घेऊन बसलात!

हां, मराठी शब्द राहिला. इटालियन लोक या पट्ट्याला सहसा नुसतं स्पागेत्ती म्हणत नाहीत. त्यांचा शब्द ‘स्पाल्लिना’, ‘स्पाल्ला’ म्हणजे खांदा यावरून. तेव्हा ‘बारीक खांदापट्टीचा टॉप’ म्हणा. लांब वाटत असेल तर ‘बंदांचा टॉप’ म्हणा. आणि तरीही ‘स्पॅगेटी’च म्हणायचं असेल, तर निदान ‘स्पॅगेट्या’ तरी करू नका. तो शब्द मुळातच अनेकवचनी आहे.