वन्संचा गुडघा आणि सांतियागोची वाट

पत्र

आम्ही नऊ जणी, वय ४३ ते ६१. येत्या मे महिन्यात स्पेनमधल्या सांतियागोच्या वाटेवर (कामिनो दे सांतियागो, ख्रिस्ती यात्रेकरूंची जुनी पायी वाट) सारिया गावापासून पायी निघायचं ठरलंय. हातात पाच महिने आहेत. हिशेब नीट आणि इंग्रजी बरं, म्हणून सगळं नियोजन माझ्या गळ्यात पडलं. जिथे बघावं तिथे पाच दिवसांचा आराखडा आहे, मीही तोच धरला. अडचण अशी की माझ्या वन्सं सर्वांत मोठ्या आणि त्यांचा उजवा गुडघा दुखतो. पण ‘वारी केलीय मी, हे काय शंभर किलोमीटर!’ असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या टोकाला दोघी मॅरेथॉनवाल्या, रेंगाळणारीसाठी थांबणार नाही म्हणणाऱ्या. यात्रा पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र मात्र नऊही जणींना हवं आहे. वन्संना ‘येऊ नका’ म्हणावं का? म्हटलं तर घरात वर्षभर अबोला. नाही म्हटलं आणि तिकडे काही झालं, तर बोल मलाच.
— सर्वांची वाटाडी, वय ५४

उत्तर

वन्संचं नंतर पाहू. आधी तो पाच दिवसांचा आराखडा फाडून टाका.

सारिया ते सांतियागो साधारण ११५ किलोमीटर. पाच दिवसांत बसवायचं तर रोजची चाल अशी पडते: पोर्तोमारिनपर्यंत २२, पालास दे रेईपर्यंत २५, आर्सुआपर्यंत २९, ओ पेद्रौसोपर्यंत १९ आणि शेवटी २०. म्हणजे सगळ्यांत लांब मजल तिसऱ्या दिवशी येते, नेमकी जेव्हा पहिल्या दोन दिवसांचे फोड आणि सूज वर आलेली असते तेव्हा. वन्संचं सोडा, ४३ वर्षांची धडधाकट बाईसुद्धा त्या दिवशी वाटेतल्या मेलिदे गावानंतर रडकुंडीला येऊ शकते. नऊ जणींच्या गटात हळू चालणारीच्या पायानेच दिवस मोजायचे असतात. आठ दिवस धरा: पहिला मुक्काम फेरेइरोसला (सुमारे १३), मग पोर्तोमारिन (९), वेंतास दे नारोन (१३), पालास दे रेई (१२), मेलिदे (१५), आर्सुआ (१४), ओ पेद्रौसो (१९) आणि सांतियागो (२०). शेवटचे दोन आकडे जड वाटले तर साल्सेदा आणि लावाकोयाला एकेक रात्र वाढवा, दहा दिवस होतील. फेरेइरोस आणि वेंतास दे नारोन अगदी छोटी गावं आहेत, खाटा मोजक्या. नऊ जणींची सोय तिथे आयत्या वेळी होणार नाही, म्हणून तिथलं आरक्षण सगळ्यांत आधी करा.

मुक्कामाचं गणित पत्रात दिसलं नाही, ते नीट समजून घ्या. गालिसिया प्रांताच्या सरकारी यात्रीनिवासात खाट स्वस्त मिळते, पण आरक्षण होत नाही. जो आधी पोचेल त्याची खाट. शिवाय ज्यांची पिशवी गाडीने येते त्यांना तिथे घेत नाहीत. तुमच्या गटात किमान एकीची पिशवी गाडीनेच जायला हवी, तेव्हा तुमच्यासाठी खासगी यात्रीनिवास किंवा साधी लॉजच बरी. तीन-चार महिने आधी ठरवा. पंचवीस जुलैचा संत याकोबाचा (म्हणजेच सांतियागोचा) सण रविवारी आला की ते पवित्र वर्ष मानतात आणि वाट फुलून जाते. २०२७ तसं वर्ष आहे. त्या वर्षी जाणार असाल तर आणखी आधी.

पिशवी पोचवणाऱ्या सेवा या वाटेवर सर्रास आहेत. दर मजलेला एका पिशवीचे चार ते सहा युरो, वजनाची मर्यादा साधारण १५ किलो. पिशवीला पाकीट बांधायचं, त्यावर नाव, फोन आणि पुढच्या मुक्कामाचं नाव, आत पैसे. सकाळी आठच्या आत खाली ठेवून निघायचं. एक गोष्ट लक्षात येत नाही ती ही, की पिशवी पुढे गेली की तुम्हालाही तिथेच पोचावं लागतं. पाय दुखला म्हणून आधीच्या गावात थांबलात, तर रात्रीचे कपडे दहा किलोमीटर पुढे. म्हणून औषधं, पासपोर्ट, पैसे, एक जोड मोजे आणि शिक्क्यांचं यात्रापत्र अंगावरच्या छोट्या पिशवीत. ज्या सगळं स्वतः उचलणार त्यांनी पाण्यासकट पिशवी स्वतःच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्यात बसवावी: ६० किलोच्या बाईला ६ किलो. कमरेचा पट्टा पोटावर नको, कंबरेच्या हाडावर घट्ट बसला पाहिजे. तो सैल राहिला की सगळा भार खांद्यांवर येतो आणि दुपारपर्यंत मान आखडते.

आता प्रमाणपत्र. नियम सोपा आहे, पण गटांत त्यावरूनच भांडणं होतात. शेवटचे किमान १०० किलोमीटर पायी झाले पाहिजेत आणि यात्रापत्रावर रोज निदान दोन शिक्के हवेत, तारखेसह. शिक्के चर्चमध्ये, यात्रीनिवासात, रस्त्यावरच्या बारमध्येही मिळतात. सकाळच्या चहाला एक आणि मुक्कामी एक, अशी सवय लावा. सांतियागोच्या यात्री कार्यालयात हेतू विचारतात. धार्मिक, आध्यात्मिक किंवा शोधाची वृत्ती चालते. प्रमाणपत्राला पैसे पडत नाहीत, अंतराचा वेगळा दाखला हवा असेल तर थोडे युरो. मधला तुकडा टॅक्सीने कापला तर प्रमाणपत्र गेलं. मात्र दमल्यावर टॅक्सीने मुक्कामी जाऊन दुसऱ्या दिवशी त्याच जागी परत येऊन चालायला सुरुवात केली, तर चाल अखंडच राहते. गालिसियात वाटेवर अंतराचे दगड लावलेले आहेत. ज्या दगडाशी थांबलात त्याचा फोटो काढा, सकाळी टॅक्सीवाल्याला तोच दाखवा. हा मार्ग गटातल्या प्रत्येकीला निघण्यापूर्वीच माहीत हवा, म्हणजे वाटेत टॅक्सी बोलावणं हार मानल्यासारखं वाटत नाही.

पायांबद्दल थोडं सविस्तर, कारण बहुतेक जणी तिथेच अडकतात. बूट रोजच्या मापापेक्षा अर्धा ते एक नंबर मोठा घ्या, आणि खरेदीला संध्याकाळी जा. दिवसभरात पाय फुगतात, वाटेवर त्याहून जास्त. घोट्यापर्यंतचे जड बूट या वाटेला लागत नाहीत. इथे मातीची पायवाट, ग्रॅनाइटचे दगड आणि डांबर असं मिश्रण आहे. जाड तळाचे ट्रेल शूज पुरतात. जलरोधक अस्तराचा मोह टाळावा असं आमचं मत. गालिसियात पाऊस मेमध्येही येतो, पाणी वरून बुटात शिरतं आणि मग ते अस्तर ते आतच धरून ठेवतं. जाळीचा बूट रात्री वर्तमानपत्राचे बोळे कोंबले की बराचसा वाळतो.

फोड येण्याआधी ती जागा गरम लागते. त्या क्षणी थांबायचं. ‘पुढच्या बारपर्यंत जाऊ’ म्हणणारीला फोड आलाच समजा. मोजा काढा, पाय कोरडा करा, गरम जागेवर कापडी चिकटपट्टी लावा, मोजा बदला. जेलची फोडपट्टी लावली असेल तर ती आपोआप सुटेपर्यंत राहू द्या. ओढून काढली की खालची कातडी सोबत येते. फोडातून सुईने दोरा ओवून ठेवायचा उपाय वाटेवर कुणीतरी हमखास सांगेल. ऐकू नका, त्या दोऱ्यावरून जंतू आत जातात. नखं निघण्याच्या चार दिवस आधी सरळ कापा. नखं काळी पडतात ती उतारावर, बोटं बुटाच्या टोकाला आपटून. म्हणून उताराआधी घोट्याकडची नाडी घट्ट आवळायची. मांड्या घासत असतील तर आतून सायकलची चड्डी आणि व्हॅसलीन, रोज, लाल होण्याची वाट न बघता.

एक गोष्ट बायकांच्या गटात कुणी मोठ्याने बोलत नाही. वाटेवर स्वच्छतागृह म्हणजे बहुधा बारमधलंच, आणि ते तासाभराने येतं. मग बायका पाणीच कमी पितात, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी लघवीला जळजळ सुरू होते. पाणी कमी करू नका. बार दिसला की गरज नसली तरी जा, एक कॉफी घ्या, शिक्काही मिळतो. झुडपाआड जावं लागलं तर वापरलेला कागद झिपच्या पिशवीत परत आणायचा. वाटेच्या कडेला पसरलेले पांढरे कागद हे तिथल्या लोकांचं खरं दुखणं आहे. पाळी आठवड्यात येणार असेल तर नेहमीची वस्तू घरूनच न्या, नवा प्रयोग तिथे नको. रजोनिवृत्तीच्या वयात रात्री घाम येतो आणि सामायिक खोलीत खिडकी उघडण्यावरून वाद होतात. तशा जणींच्या खाटा खिडकीशी ठेवा.

वारीची सवय एका बाबतीत फसवते. दिंडीत सामान ट्रकने जातं आणि पोचल्यावर पंगत तयार असते. इथे पोचता दुपारी तीनला, बारचं स्वयंपाकघर चारच्या सुमारास बंद होतं ते आठ-साडेआठला उघडतं. रविवारी बहुतेक दुकानं बंद. शाकाहारी जणी असतील तर ‘मांस नको’ एवढं म्हणणं पुरत नाही. मग टूना मासा नाहीतर हॅम येतं. मिश्र सॅलडमध्येही टूना असतो. ‘नी कार्ने, नी पेस्कादो, नी हामोन’ (मांस नको, मासा नको, हॅम नको) अशी तिन्ही नावं घेऊन सांगा. गालिसियाचं पालेभाजीचं सूप साधं दिसतं, पण त्यात बहुधा डुकराची चरबी असते. बटाट्याच्या तोर्तियात अंडं असतं, बदामाच्या केकातही. अंडंही न खाणारीने दुकानातून डबाबंद छोले, टोमॅटो, ब्रेड, चीज, फळं घेत जावं. सरकारी यात्रीनिवासांच्या स्वयंपाकघरात शेगडी असते, भांडी बहुधा नसतात. तुमच्या खासगी मुक्कामातही आधी विचारून घ्या. नऊ जणींत एक हलकं पातेलं नेलंत तर ते रोज वापरलं जाईल.

मॅरेथॉनवाल्यांना खुशाल पुढे जाऊ द्या. वाट पिवळ्या बाणांनी खुणावलेली आहे. ओ सेब्रेइरोचे पाद्री एलियास वालिन्या यांनी १९८४ मध्ये ते रंगवायला सुरुवात केली. भेट संध्याकाळी मुक्कामी. मधे एकत्र थांबायचं असेल तर एकच नियम: विश्रांतीचं घड्याळ शेवटची पोचल्यावर सुरू होतं. बहुतेक गटांत उलट होतं. पुढे गेलेल्या जणी वीस मिनिटं बसून ताज्या होतात, मागची धापा टाकत येते आणि सगळ्या उठतात. दिवसभर जी सगळ्यांत दमते तिलाच विश्रांती मिळत नाही, आणि चौथ्या दिवशी तिचाच पाय जातो. शेवटी नेहमी दोघी असाव्यात, रोज जोडी बदलून; नाहीतर ते काम तुमच्याच नशिबी येईल. मेमध्ये तिथे सूर्य सातनंतर उगवतो आणि रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे अंधारात निघून बाण चुकवायचं काही कारण नाही. संकटात फोन ११२.

व्हिसाचं थोडक्यात: अर्ज निघण्याच्या सहा महिने आधीपासून करता येतो, विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो, आणि गट असला तरी निर्णय प्रत्येकीचा स्वतंत्र. एकीला नाकारला तर बाकीच्या जाणार का, हे आत्ताच लिहून ठरवा. चालण्याच्या काठ्या विमानात चेक-इन सामानात द्या.

आता वन्सं. गुडघा चढापेक्षा उतारावर जास्त दुखतो, आणि पोर्तोमारिनला नदीकडे उतरणारी वाट चांगलीच तीव्र आहे. आजपासून दोन काठ्या, उतारावर पाचेक सेंटिमीटर लांब केलेल्या. अस्थितज्ज्ञाला एकदा दाखवून मांडीच्या पुढच्या स्नायूंचे व्यायाम रोज. चाल आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त वाढवायची नाही. वेदनाशामक गोळी घेऊन सराव नको. गोळी दुखणं लपवते, सूज वाढतच राहते.

‘येऊ नका’ हे तुम्ही म्हणूच नका. परीक्षा ठेवा, ती नऊही जणींना सारखीच असू द्या आणि निकाल काय धरायचा ते आधी ठरवा. सगळ्यांसमोर असं सांगा: “मार्चच्या शेवटी सलग दोन दिवस आपण सगळ्या चौदा-चौदा किलोमीटर चालणार, पाठीवर पिशवी, वाटेत मोठा उतार. तिसऱ्या दिवशी सकाळी जिचा सांधा सुजलेला असेल किंवा जिना उतरताना दुखेल, तिने सगळी वाट चालायची नाही. म्हणजे ती बसने पुढच्या मुक्कामी जाईल, सकाळी चार-पाच किलोमीटर चालेल, शेवटच्या दिवशी सांतियागोच्या वेशीवरच्या मोन्ते दो गोसो टेकडीहून आपल्याबरोबर शहरात येईल. प्रमाणपत्र नाही, यात्रा आहे. वन्सं, तारीख तुम्ही ठरवा.”