वाचकांचे प्रश्न: रान तुटलं की गावात उकाडा वाढतो, पण पाऊस कमी होतो का?

प्रश्न (कणकवली तालुक्यातून एक वाचक): आमच्या घरामागचा डोंगर खासगी मालकीचा. मालकाने तो ठेकेदाराला दिला आणि सगळी झाडं गेली. आता मार्चपासूनच दुपारी पडवीत बसवत नाही. आजी हा उकाडा रान गेल्याचाच मानते आणि वर म्हणते, "रान गेला नि पाऊस पण गेलो." मुलगा म्हणतो हे सगळं ग्लोबल वॉर्मिंग आहे, आपल्या एका डोंगराने काय होणार. दोघांत बरोबर कोण?

उत्तर: उकाड्याच्या बाबतीत आजी पूर्ण बरोबर आहेत, पावसाच्या बाबतीत अर्ध्या. आणि मुलाचंही चुकत नाही, जगाचं तापमान वाढतंच आहे, पण त्याच्यावर तुमच्या डोंगराची वेगळी भर पडली आहे आणि पडवीत जी जाणवते ती बरीचशी हीच भर.

आधी उकाडा. झाड मुळातून पाणी ओढतं आणि पानांतून वाफ करून सोडतं. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला जवळजवळ पाऊण युनिट विजेइतकी उष्णता लागते (नेमकं सांगायचं तर 0.67 युनिट), आणि ही उष्णता येते कुठून तर आजूबाजूच्या हवेतून आणि पानावर पडलेल्या उन्हातून. माठातलं पाणी गार होतं ते याच कारणाने. मोठं झाड, मुळाला ओल असेल तर, दिवसाला कित्येक बादल्या पाणी असं उडवतं, मग अख्ख्या डोंगराचा हिशोब तुम्हीच करा. रान गेलं की तेच ऊन दगड-माती तापवण्यात जातं. उघड्या कातळाचा पृष्ठभाग एप्रिलच्या दुपारी 50 अंशांच्या वर जाऊ शकतो, मोबाईलवरचं हवामान 36 दाखवत असलं तरी, कारण ते तापमान सावलीतल्या हवेचं असतं, तुमच्या पायाखालच्या जमिनीचं नाही.

इथे एक गोष्ट बऱ्याच जणांना उलटी वाटते. रान दिसायला गडद असतं, ते सुकलेल्या गवतापेक्षा जास्त ऊन शोषतं, म्हणजे नुसता रंगाचा हिशोब केला तर उघडा डोंगर थंड असायला हवा. बर्फाच्या थंड देशांत खरंच तसं होतं, तिथे जंगल तोडलं की पांढरा बर्फ उघडा पडतो आणि ऊन परत जातं. आपल्याकडे मात्र बाष्पीभवनाने जो थंडावा मिळतो तो इतका मोठा असतो की रंगाचा फरक त्यात कुठल्या कुठे जातो. शिवाय झाडांच्या उंचसखल शेंड्यांमुळे वारा घुसळला जातो आणि गरम हवा वर निघून जाते, सपाट उघड्या जमिनीवर ती खालीच साचून राहते. आणि त्यात वणवा लागून गवत जळलं असेल तर काळी झालेली जमीन ऊन जास्त शोषते आणि पाणी उडवायला तिच्यावर काहीच उरलेलं नसतं, म्हणजे दोन्हीकडून नुकसान.

हेही खरं की ऐन, किंजळ, साग ही झाडं उन्हाळ्यात पानं गाळतात, तेव्हा त्यांचा थंडावा कमी होतो. म्हणून पाणथळीच्या कडेची जांभूळ, करंज, आंबा, फणस अशी सदाहरित झाडं गावासाठी फार मोलाची आणि ती तोडली गेली की सगळ्यात जास्त जाणवतं. जिथे देवराई राखली गेली आहे तिथे भर दुपारी आत शिरून बघा, फरक थर्मामीटरशिवाय कळतो.

आता पाऊस. जुलैत कोकणात जो पाऊस कोसळतो त्याचं बाष्प अरबी समुद्रातून येतं आणि सह्याद्रीच्या भिंतीला अडून वर चढल्यामुळे ते इथे रिकामं होतं. रत्नागिरीला वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तो समुद्र आणि डोंगराची उंची यामुळे, तुमच्या मागच्या रानामुळे नाही. एक डोंगर तुटला म्हणून तो थांबणार नाही. वळवाच्या सरींमध्ये जमिनीतल्या ओलाव्याचा हात असतो, तिथे थोडाफार फरक पडू शकतो. मग आजींना पाऊस गेला असं का वाटतं? कारण पाऊस पडतो तेवढाच, पण त्याचं पाणी जमिनीत थांबत नाही. पूर्वी पालापाचोळ्याच्या थरात मुरायचा, व्हाळाला (ओढ्याला) शिमग्यापर्यंत पाणी असायचं, आता तासाभरात लाल पाणी होऊन खाली जातो आणि विहीर फेब्रुवारीत तळ दाखवते. विहिरीकडे बघून पावसाचा अंदाज करणाऱ्या माणसाला पाऊस गेला असंच वाटणार, त्यांचं निरीक्षण अगदी खरं आहे.

पण मोठा भाग घेतला तर रानाचा पावसाशी संबंध आहेच, फक्त तो पाऊस आपल्या दारात पडत नाही. आयआयटी मुंबईच्या सुबिमल घोष यांच्या गटाने 2018 साली दाखवलं की पश्चिम घाटातल्या जंगलांनी सोडलेलं बाष्प वाऱ्याबरोबर पूर्वेकडे जातं आणि तमिळनाडूतल्या नैऋत्य मोसमी पावसात त्याचा मोठा वाटा असतो, तुटीच्या वर्षी तर 40 टक्क्यांपर्यंत. त्याच गटाच्या 2016 च्या अभ्यासात झाडझाडोऱ्याच्या जागी शेती आल्याने गंगेच्या खोऱ्यात आणि ईशान्येकडे मोसमी पाऊस कमकुवत झाल्याचं आलं होतं, कारण तेच, खोल मुळं गेली की हवेत परत जाणारं पाणी कमी. म्हणजे आपण इथे तोडतो आणि तुटवडा कावेरीच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्याला बसतो, ज्याला आपण कधी बघितलेलंही नाही. मला हे फार अस्वस्थ करतं.

प्रश्न (दोडामार्गहून): जंगल तोडून रबर, काजू लावली तरी हिरवंच ना? सरकारी अहवालात तर आपल्या जिल्ह्यात भरपूर वन दाखवतात.

उत्तर: दाखवतात, कारण देहरादूनचं भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहाच्या चित्रावरून मोजतं आणि एक हेक्टर जागेवर 10 टक्के जरी झाडांचं छत असलं तरी ती जागा वनाच्छादनात धरते, मग जमीन कोणाची आणि झाड कसलं हे बघितलं जात नाही. आमराई, काजू, रबर सगळं त्यात येतं. उघड्या डोंगरापेक्षा काजूची बाग नक्कीच बरी, ती सदाहरित आहे. पण रबर ऐन जानेवारी ते मार्चमध्ये पानं गाळतं, आणि दोन्हीकडे खालची झुडपं साफ केलेली असतात, म्हणजे वेगवेगळ्या उंचीचे थर नाहीत, वेली नाहीत, पाणी मुरवणारी भुसभुशीत माती नाही. कागदावरचं हिरवं आणि तुमच्या व्हाळाचं पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

प्रश्न (देवगडच्या एक बागायतदार ताई): हापूसमध्ये साका (फळाच्या आत गर पांढरट, स्पंजासारखा होण्याचा दोष) फार निघतो. बागेतलं गवत साफ ठेवावं की राहू द्यावं, दोन्ही सल्ले मिळतात.

उत्तर: ताई, तुमचा प्रश्न पहिल्या प्रश्नाचंच छोटं रूप आहे. साका होण्याची कारणं एकापेक्षा जास्त आहेत, पण त्यातलं एक मोठं कारण म्हणजे तापलेल्या जमिनीतून वर येणारी उष्णता, फळ पक्व होत असताना ती गराला बाधते. कातळावरच्या, खाली स्वच्छ झाडलेल्या बागांत हे जास्त दिसतं. जमिनीवर आच्छादन ठेवल्याने साका कमी होतो हे प्रयोगांत दिसलं आहे. म्हणून गवत समूळ काढू नका आणि उभंही ठेवू नका, उभं सुकं गवत म्हणजे वणव्याला आमंत्रण. दिवाळीनंतर कापून झाडाच्या घेराखाली जाड पसरा, बागेभोवती जाळपट्टा (वणवा अडवायला गवत काढून मोकळी ठेवलेली पट्टी) मात्र चुकवू नका. फळ चौदा आणे (पूर्ण तयार होण्याच्या थोडं आधी) तयार झालं की काढा, झाडावर पिकायची वाट बघू नका, आणि काढल्यावर क्रेट उन्हात एक मिनिटही ठेवू नका, लगेच सावलीत. नवीन कलमं लावणार असाल तर वेंगुर्ल्याची रत्ना जात बघा, नीलम आणि हापूसचा संकर, 1981 पासून आहे आणि तिच्यात साका होत नाही.

प्रश्न (रत्नागिरीतून एक शिक्षक): शाळेतर्फे सड्यावर (जांभ्या कातळाच्या उघड्या पठारावर) झाडं लावायची आहेत, उकाडा कमी होईल ना?

उत्तर: सर, हेतू चांगला आहे पण सड्यावर नको. सडा ही पडीक जमीन नाही. वर बोटभर माती, पावसात तिथे इवली फुलं येतात, कीटक खाणाऱ्या वनस्पतीही असतात, डबकी भरतात आणि जांभ्यातून झिरपलेलं पाणी खालच्या वाडीच्या विहिरींना मिळतं. खड्डे खणून, बाहेरची माती टाकून लावलेली रोपं दुसऱ्या उन्हाळ्यात जातात. तीच रोपं सड्याच्या खालच्या उतारावर, पऱ्याच्या (छोट्या ओढ्याच्या) दोन्ही काठांनी आणि शाळेच्या पश्चिमेला लावा, दुपारनंतरचं ऊन तिकडूनच येतं. जांभूळ, करंज, उंडी घ्या. पहिले दोन उन्हाळे पाणी कोण घालणार ते मुलांबरोबर आधी ठरवा, मगच खड्डे खणा.