रत्नागिरीत समुद्राजवळच्या फ्लॅटमध्ये पावसाळ्यात कपाटातले कपडे बुरसतात, घरात कुबट वास येतो. काय करावं?

सगळ्यात आधी घरातली ओल कमी करा. बाहेरच्या हवेवर आपला इलाज नाही. रत्नागिरीत वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पण बंद खोलीत ओले कपडे वाळत घातले की ते सगळं पाणी घरातच मुरतं, आणि बुरशीचं मूळ अनेकदा तिथेच असतं. कपडे एकाच खोलीत वाळत घाला, दार लावा, पंखा आणि एक्झॉस्ट चालू ठेवा. एसी असेल तर त्याच खोलीत 'ड्राय' मोडवर लावा. खर्च वाटेल, पण खरंच फरक पडतो.

कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, विशेषतः पश्चिमेकडच्या भिंतीपासून. नैऋत्येचा पाऊस त्याच बाजूला झोडपतो. डांबरगोळ्या ओल शोषत नाहीत, हे लक्षात ठेवा. त्यासाठी कॅल्शियम क्लोराईडचे डबे मिळतात. ते तळाशी सरळ ठेवा, साठलेलं पाणी चामड्यावर सांडू देऊ नका. कपडे खच्चून भरू नका. उघडीप मिळाली की कपाटाची दारं सताड उघडा.

भिंतीवर पोपडे येत असतील तर आतून रंग देऊन पैसे घालवू नका. पाझर बाहेरून बंद करावा लागतो, आणि ते काम सोसायटीकडून मे महिन्याच्या आत करून घ्या.

खाऱ्या वाऱ्याने लोखंड लवकर गंजतं. बाल्कनीतल्या स्टँडसाठी 316 दर्जाचं स्टेनलेस स्टील मिळालं तर घ्या, 304 दर्जाच्या स्टीलपेक्षा ते खारी हवा जास्त सोसतं.