घाई असली तरी गोळ्या आपल्या मनाने नको

पोरी, आपण ट्रान्स बाई आहोत हे चाळिशीत कळलं म्हणून उशीर झाला असं समजू नको. मी तर पन्नाशी उलटल्यावर बाई म्हणून जगायला सुरुवात केली. पण मैत्रीण म्हणते म्हणून सीताबर्डीतल्या मेडिकलमधून हार्मोनच्या गोळ्या आणून खाऊ नको बाप्पा! त्यातल्या इस्ट्रोजेनने, म्हणजे बायकी हार्मोनने, रक्तात गुठळी होऊ शकते. वाढतं वय आणि सिगारेट असली की धोका आणखी वाढतो. आधी एंडोक्रायनोलॉजिस्ट म्हणजे हार्मोनचा डॉक्टर, रक्ततपासणी, मग डोस.

आवाज हार्मोनने बारीक होत नाही, त्याला सराव लागतो. दाढीही जात नाही. लेझर काळ्या केसांवर चालतं. पांढऱ्यांना इलेक्ट्रोलिसिसच, म्हणजे सुईतून वीज देऊन केसाचं मूळ मारणं, आणि ते दुखतं. लिंगबदलाच्या ऑपरेशनचं दडपण घेऊ नको, २०१४ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने लिंग-ओळखीसाठी त्याची सक्ती बेकायदा ठरवली. घरी आधी आईला सांग. काका-मामांचं नंतर बघू.